द्राक्षाच्या नावाची मोरवेल

दसऱ्याच्या आगेमागे पिंपळगाव बसवंतच्या शिवारातून चालत गेलं की द्राक्षबागा उघड्या पडलेल्या दिसतात. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, नुकतीच झालेली असते. तारांवर आडवे ओलांडे, त्यांवर मोजक्या डोळ्यांच्या काड्या, डोळ्यांना लावलेली पेस्ट आणि पायाखाली छाटलेल्या काडीचा खच. वर्षातून दोनदाच, एकदा काडी तयार करण्याच्या खरड छाटणीला आणि एकदा गोडी छाटणीला, पानांचा पडदा असा बाजूला होतो आणि वेल कशी बांधलेली असते ते आमच्या गावात कोणालाही दिसतं.

याच दिवसांत गाडी काढून त्र्यंबकच्या बाजूला गेलं, तर रस्त्याकडेच्या झुडपांवर एक दुसरीच वेल ऐन बहरात असते. करवंदीवर, घाणेरीवर, मिळेल त्या झुडपावर ती चढते आणि वरून पांढऱ्या फुलांची चादर घालते. तिला आपल्याकडे मोरवेल म्हणतात, कुठे रानजाईही म्हणतात. जगभरचे बागवाले जिला क्लेमॅटिस म्हणतात आणि जिच्या हजारो जातींसाठी वेडे होतात, तिचीच ही सह्याद्रीतली बहीण.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र तिच्यावर फुलं नव्हती, पिसं होती. अंजनेरीच्या वाटेवर मार्गशीर्षातली सकाळ होती आणि ऊन तिरपं येत होतं. एक अख्खं झुडूप चांदीसारखं पेटलेलं दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक फुलाच्या जागी बारीक, लवदार शेपट्यांचा झुबका होता. मोळी घेऊन उतरणाऱ्या एका मावशींना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मोरवेल हाये बाबा ती. चोळू नको हातावर, फोड येतील." एका वाक्यात त्यांनी वेलीचं नाव सांगितलं आणि तिचं रसायनशास्त्रही.

घरी येऊन मी त्या वेलीबद्दल वाचत गेलो आणि पहिल्याच पानावर थबकलो. क्लेमॅटिस हे नाव ग्रीक भाषेतल्या 'क्लेमा' या शब्दावरून आलं आहे. क्लेमा म्हणजे वेलीची काडी, आणि ग्रीकांच्या तोंडी हा शब्द मुख्यतः द्राक्षाच्या काडीसाठीच असायचा. म्हणजे आमच्या गावात ट्रॅक्टरभर निघते ती काडीच या फुलवेलीच्या नावात बसली आहे. पुढे युरोपातल्या तिच्या दोन जातींना नावं मिळाली ती 'व्हायटिसेला' आणि 'व्हायटाल्बा'. 'व्हायटिस' म्हणजे लॅटिनमध्ये द्राक्षवेल. एकीच्या नावाचा अर्थ छोटी द्राक्षवेल, दुसरीच्या नावाचा पांढरी द्राक्षवेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी रानातली ही वेल पाहिली आणि त्यांना आपली द्राक्षबाग आठवली. पिंपळगावच्या माणसालाही तेच आठवलं असतं.

नात्याने मात्र या दोन वेली एकमेकींच्या कोणीच लागत नाहीत. एकसारखी दिसणारी काडी दोघींनी आपापल्या वाटेने मिळवली. ही गोष्ट मला फार मोठी वाटते, आणि ती कळते दोघींचे हात पाहिले की.

द्राक्षवेल चढते ती बाळीच्या आधाराने. पानाच्या समोरच्या बाजूने निघणारी, तारेला गुंडाळणारी ती हिरवी तार. आता बाळी म्हणजे काय, हे द्राक्षवाल्याला समजावून सांगावं लागत नाही, कारण त्याने ते नुकसान सोसून शिकलेलं असतं. खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होत असतात. त्या दिवसांत ऊन चांगलं मिळालं तर डोळ्यातल्या कोवळ्या अंकुराचा घड होतो. आभाळ गच्च राहिलं, काडीला सावली पडली, तर त्याच अंकुराची बाळी होते. "घड बाळीत गेला," असं हताश होऊन म्हणताना मी घरात लहानपणापासून ऐकलं आहे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हेच वाक्य वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं: द्राक्षाचा घड आणि द्राक्षाची बाळी हे मुळात एकच अवयव आहेत. द्राक्षवेल ज्या हाताने तार धरते, तो हात म्हणजे न झालेला घड.

मोरवेलीला बाळी नाही. फांदी निरखून पाहिली तर तिच्यावर फक्त पानं दिसतात, प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन, दोन्ही बाजूंना हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. मग ती झुडपाला धरते कशाने? तर पानाच्या देठाने. पानाचा लांब, लवचिक देठ एखाद्या काटकीला टेकला की तिच्याभोवती वळसा घालतो आणि गाठ मारल्यासारखा घट्ट बसतो. पुढे पान आपलं काम चालूच ठेवतं, ऊन घेतं, अन्न तयार करतं. एकच अवयव वेलीला खाऊ घालतो आणि उभंही धरतो.

हे सगळ्यांत बारकाईने पाहिलं ते चार्ल्स डार्विन यांनी. १८५८ मध्ये एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचं बाळ्यांच्या वेटोळ्यांवरचं छोटं टिपण निघालं होतं. ते वाचून डार्विन वेलींच्या नादी लागले. तब्येत बिघडलेली असताना खोलीत कुंड्या ठेवून ते तासन्‌तास वेलींच्या शेंड्यांकडे बघत बसत. १८६५ मध्ये त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात वेलींवर दीर्घ निबंध लिहिला, आणि १८७५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. पानांनी चढणाऱ्या वेलींच्या प्रकरणाची सुरुवातच क्लेमॅटिसने होते. कोवळ्या देठावर त्यांनी दोऱ्याचं अगदी हलकं वेटोळं अडकवून पाहिलं, आणि तेवढ्या भारानेही देठ वाकू लागला. देठ नुसता काडीने चोळला तरी तो वळायचा. धरायला काही सापडलं नाही तर पुन्हा सरळ व्हायचा. सापडलं, तर मात्र वळसा घातलेला देठ हळूहळू जाड आणि चिवट होत जायचा.

वेलीचा कोवळा शेंडाही स्थिर नसतो. तो हवेत गोल फिरत असतो, काही तासांत एक फेरी. डोळ्याला ते दिसत नाही, पण सकाळी पूर्वेकडे झुकलेला शेंडा दुपारी दुसरीकडे दिसतो. अंधारात हात फिरवून दिव्याचं बटण शोधावं, तसा तो आधार शोधतो. देठाला स्पर्श झाला की स्पर्शाची बाजू हळू वाढते, विरुद्ध बाजू वेगाने वाढते आणि देठ आपोआप आत वळतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि तरी ही वेल अचूक धरते.

आता फूल. मोरवेलीच्या फुलाला चार पांढऱ्या पाकळ्या दिसतात, पण त्या पाकळ्या नव्हेत. कळीला बाहेरून झाकणारी, एरवी हिरवी असणारी जी पानं असतात, ती निदलं इथे पांढरी झाली आहेत. खरी पाकळी या फुलाने केलेलीच नसते. परदेशी बागांतल्या जांभळ्या, ताटलीएवढ्या क्लेमॅटिसचंही तेच. तो सगळा रंग निदलांचा. आणि इथे पुन्हा द्राक्ष आठवतं. द्राक्षाच्या फुलोऱ्यात उभं राहून पाहा. द्राक्षाच्या इवल्या फुलाच्या पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि फूल उमलताना ती अख्खी टोपी उडवून टाकतं. एका वेलीने पाकळ्या केल्याच नाहीत, दुसरीने केल्या आणि उमलतानाच फेकून दिल्या.

फुलानंतर दोघींच्या वाटा आणखी लांब जातात. द्राक्ष पाखरांना बोलावतं: गर भरतं, साखर भरतं, रंग चढवतं, म्हणजे कोणीतरी खाईल आणि बी लांब नेईल. मोरवेल कोणावर विसंबत नाही. तिच्या फुलाच्या मध्यात अनेक स्त्रीकेसर असतात आणि प्रत्येकात एकच बी धरते. बहुतेक फुलांत परागण झालं की स्त्रीकेसराची दांडी वाळून गळते. मोरवेलीत मात्र ती फळासोबत टिकते, वाढत जाते आणि तिला मऊ लव फुटते. एकेका बीला स्वतःची शेपटी, स्वतःचं पीस. अंजनेरीच्या वाटेवर मी पाहिलेली चांदी ती हीच. थंडीतल्या कोरड्या वाऱ्यावर एकेक पीस सुटतं आणि दरीवर तरंगत जातं. मोरवेल हे नाव ऐकलं की मला तोच पिसारा दिसतो.

आणि निघताना त्या बीच्या आत काय असतं? या कुळातल्या अनेक बियांमध्ये गर्भ अगदी लहान, अर्धवट वाढलेला असतो. बी आईला सोडून उडून जाते, मातीत पडते आणि मग तिच्या आतला गर्भ वाढायला लागतो. म्हणूनच मोरवेलीचं बी पेरून आठवड्याभरात वाफा बघायला जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. महिने जातात.

हे कूळ कोणतं, तेही सांगितलं पाहिजे, कारण त्यात आपल्या ओळखीचे चेहरे आहेत. मराठीत रॅनन्क्युलेसी कुळाला मोरवेलीचंच कूळ म्हणतात. बचनाग त्यातला, अतिविष त्यातली आणि नानवर पेरतात ती कलौंजीही त्यातलीच. पुष्कळ लोक कलौंजीला कांद्याचं बी समजतात. आमच्या कांद्याच्या मुलखात उळं, म्हणजे कांद्याचं बी, मुठीत धरून मोठी झालेली माणसंसुद्धा पहिल्या नजरेला फसतात, इतकं ते काळं, टोकदार बी सारखं दिसतं. पण कलौंजी कांद्याची कोणी लागत नाही, ती मोरवेलीची नातलग.

बचनाग ज्या घरातला, त्या घरातली वेल निरुपद्रवी कशी असेल? मोरवेलीचं पान चुरगळलं की त्यातून त्वचेला भाजणारं द्रव्य सुटतं. पान अखंड असतं तोवर ते तयार स्वरूपात नसतं. पेशी फुटल्या की बनतं. फ्रान्समध्ये क्लेमॅटिसच्या रानटी जातीला भिकाऱ्यांचं झाड म्हणत, कारण तिचा रस चोळून अंगावर फोड उठवायचे आणि लोकांची दया मिळवायची, अशी जुनी रीत होती. मोळीवाल्या मावशींचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. छाटणी करताना हातमोजे घालावेत, रसाचा हात डोळ्याला लावू नये, गुरं आणि लहान मुलं यांच्या तोंडी पान जाऊ देऊ नये.

बागेसाठी निवड कोणती करावी, यावर माझं मत आता पक्कं आहे, पण ते एक वेल गमावून झालं. काही वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून जांभळ्या फुलांच्या क्लेमॅटिसची कुंडी आणली. लेबलवर जांभळं, मखमली फूल होतं. त्या जांभळ्या वेलींची गोष्ट मला तोंडपाठ होती. इंग्लंडमधल्या वोकिंगच्या जॅकमन रोपवाटिकेत १८५८ मध्ये संकर केले गेले, १८६२ मध्ये त्यांना फुलं आली आणि गडद जांभळ्या 'जॅकमनाय'ने युरोप वेडा केला. त्या संकरामागे चीनमधून नेलेली मोठ्या फुलांची एक जात आणि युरोपातली छोटी द्राक्षवेल, म्हणजे व्हायटिसेला, यांचं रक्त होतं. माझ्या कुंडीतल्या वेलीने फाल्गुनात तीन फुलं दिली. एप्रिल संपता संपता ती खालून वर वाळत गेली. मी मातीत बोट घातलं तर माती तव्यासारखी तापलेली होती.

ती वेल थंडीत पानं गाळून झोपणाऱ्या मुलखातली. आमच्या निफाड तालुक्यात थंडी कमी नसते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा एक आकडी पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो. पण ती थंडी थोड्या दिवसांची आणि रात्रीपुरती. दुपारी पुन्हा ऊन. खरं तर द्राक्षाचीही हीच अडचण होती. थंड देशात द्राक्षवेल हिवाळाभर झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. इथे ती झोपतच नाही, म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो आणि पेस्ट लावून डोळे जागे करतो. द्राक्षासाठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं लावून ही रीत बसवली. फुलवेलीसाठी एवढं करायला कोण बसणार, आणि कशाला, जेव्हा इथल्या उन्हाची सवय असलेली तिची बहीण डोंगरात उभी आहे?

इथल्या बहिणी एकीहून जास्त आहेत. 'क्लेमॅटिस गोरियाना' हिची फुलं लहान, हिरवट पांढरी, पण झुबक्यांनी येतात. तिचं नाव बंगालमधल्या जुन्या गौड नगरावरून पडलं. 'क्लेमॅटिस हेनाय' म्हणजे दख्खनची रानजाई. तिची फुलं मोठी, शुभ्र, पानं लवदार. बेंजामिन हेन या दक्षिण भारतात वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाच्या नावावरून ते नाव आलं. दारासमोर एकच लावायची तर मी ही दुसरी लावीन. कुंपण झाकायचं असेल तर पहिली. फुलांचं कौतुक दोन-तीन आठवड्यांचं, पण पिसारा पुढे कितीतरी दिवस टिकतो.

हिमालयातली 'मोंटाना' मात्र मोहात पाडते. कुमाऊँच्या वाटांवर वसंतात ती देवदारांच्या कडेने पांढरी होते. लेडी अॅम्हर्स्ट यांनी ती १८३१ मध्ये इंग्लंडला नेली आणि तिथल्या भिंतीच्या भिंती तिने झाकल्या. तिला डोंगरावरचा गारवा लागतो. पिंपळगावात आणू नये.

लावायची कशी? रानातून वेल उपटून आणू नका. तिची मुळं हलवलेली सोसत नाहीत, आणि डोंगरातली वेल डोंगरातच राहिली पाहिजे. पिसं सुटायला लागली की मूठभर बी घ्या. वाळू आणि चाळलेलं शेणखत मिसळून त्यात वरवर पेरा, ओल राखा आणि वाट बघा. कोणाकडे वेल असेल तर पावसाळ्यात काडीही लागते. इथे द्राक्षवाल्याला एक सवय मोडावी लागेल. आपण द्राक्षाची काडी अनेक डोळ्यांची घेतो आणि खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली घेतो. मोरवेलीची काडी एका पेराची पुरते, आणि खालचा काप दोन पेरांच्या मधोमध घेतला तरी तिला मुळं फुटतात.

जागा अशी बघा की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतरचं ऊन टळेल. क्लेमॅटिस लावणारे जगभर एकच गोष्ट सांगतात: डोकं उन्हात, पाय सावलीत. जंगलाच्या काठावर ही वेल अशीच वाढते, बुंधा झुडपाच्या सावलीत आणि शेंडा उजेडात. आपल्याकडे याचा सरळ अर्थ आच्छादन. बुंध्याभोवती उसाचं पाचट किंवा बगॅस वीतभर जाड पसरा, जसं बागेत पसरतो तसंच. काळ्या मातीत खड्डा दीड-दोन फूट खोल घ्या, तळाशी मुरूम टाका आणि मातीत शेणखत भरपूर मिसळा. पाणी साचलं तर ती कुजते. मातीत चुनखडी असली तर घाबरू नका. तिची युरोपातली पांढरी बहीण चुनखडीच्या टेकड्यांवरच वाढते. रोप लावताना कुंडीतल्यापेक्षा चार बोटं खोल लावा, म्हणजे खालचं एक पेर मातीत जाईल. वर काही झालं, बुरशीने खोड मेलं, तरी मातीतल्या डोळ्यातून ती पुन्हा उठते. क्लेमॅटिसची ही बुरशीजन्य मर मोठ्या फुलांच्या संकरांना फार छळते. रानटी जाती तिला सहसा बळी पडत नाहीत.

आधार देताना पानाचा देठ आठवा. तो बोटाएवढ्या जाड खांबाला वळसा घालू शकत नाही, त्याला बारीक काहीतरी लागतं. बांधकामातला जाड लोखंडी पाइप देऊन लोक म्हणतात वेल चढत नाही. टोमॅटोच्या बांधणीची सुतळी, जुनी तार, कोंबडीची जाळी, यांतलं काहीही चालतं. आमच्या गावात या वस्तू प्रत्येक घराच्या मागे पडून असतात.

छाटणीचा प्रश्न क्लेमॅटिसवाल्यांना सर्वांत अवघड वाटतो. कोणती जात जुन्या काडीवर फुलते आणि कोणती नव्या फुटीवर, याचे त्यांनी तीन गट केले आहेत आणि त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. द्राक्षवाल्याला ते एका मिनिटात समजेल, कारण काडीत आधी काय दडलेलं असतं आणि छाटल्यावर काय बाहेर येतं, यावरच त्याचं घर चालतं. मोंटाना मागच्या वर्षीच्या काडीवर फुलते, म्हणून तिला हिवाळ्यात छाटलं तर फुलं गेली. मोरवेल पावसाळ्यात काढलेल्या नव्या फुटीवर फुलते. म्हणून पिसं उडून गेली की माघ-फाल्गुनात तिला निर्धास्तपणे खाली आणा, जमिनीपासून हातभर ठेवून, दोन-तीन चांगल्या डोळ्यांच्या जोड्यांवर. आमच्याकडे तो द्राक्षांच्या काढणीचा काळ असतो, त्यामुळे कात्री घरात शोधावी लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये ठिबकची एक नळी तिच्याकडे वळवा, एवढंच.

माझी रानजाई आता घराच्या पूर्वेच्या जाळीवर तिसऱ्या वर्षात आहे. गेल्या आषाढात माझ्या पुतणीला मी एक काम दिलं. कोवळं पान निवडायचं, त्याच्या देठाची आतली बाजू आगपेटीच्या काडीने दहा-बारा वेळा हलकेच घासायची आणि खूण म्हणून शेजारी लाल दोरा बांधायचा. सकाळी शाळेत जाण्याआधी तिने ते केलं. संध्याकाळी दप्तर न उतरवताच ती जाळीपाशी गेली, आणि मग तिने मला हाक मारली, "काका, हे बघा, तो वळलाय!"